एका झबल्याची गोधडी

एकदा एक बाई गोधडी शिकायला आली, आणि आली ती सुईदोऱ्याला हात लावायचा नाही असं ठरवूनच. तिचं नाव रेवती. तिला हवा होता संगणक.

गोधडीच्या शाळेत संगणक कसला, असं तुमच्या मनात येईल. पण होता. ही शाळा चालवणारे वृद्ध गृहस्थ आयुष्यभर चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते, आणि नव्या गोष्टींना नाक मुरडण्याचा म्हाताऱ्यांचा हक्क त्यांनी कधी बजावला नव्हता. सगळ्या बायका त्यांना आप्पा म्हणत. गोधडीची मांडणी पडद्यावर करून पाहता येते, चौकोन इकडचे तिकडे हलवता येतात, कात्री लावण्याआधी चूक दिसते, हे त्यांना मनापासून पटलं होतं. म्हणून दालनाच्या एका कोपऱ्यात संगणक होता आणि बाकी सगळीकडे सतरंज्या, चिंध्यांचे ढीग आणि मान खाली घालून धावदोरा घालणाऱ्या बायका.

रेवतीची मुलगी मनू बोलायला लागायच्या आतच गेली होती. घरातल्या मोठ्यांनी तिची दुपटी, टोपरी, कुंची, सगळं तिच्याबरोबरच दिलं. एक झबलं तेवढं मागे राहिलं, कारण ते धुऊन दोरीवर वाळत घातलेलं होतं आणि त्या दिवशी दोरीकडे बघायचं कुणाला सुचलं नाही. पिवळं झबलं, त्यावर निळी बदकं. रेवतीला त्या झबल्याची गोधडी हवी होती. चांगली मोठी, डोक्यावरून ओढून घेता येईल एवढी. तिला त्या गोधडीखाली निजायचं होतं. दुसरं काही नको होतं, आणि विचारेल त्याला ती हे सरळ सांगत असे.

आता या शाळेत एक शब्द दिवसभर कानावर पडायचा. कापड पुरलं का? दोरा पुरेल ना? अहो, अस्तर पुरत नाहीये. रेवती आली आणि तो शब्द बंद पडला. तसं कुणी ठरवलं नव्हतं. पण एवढ्या लहान जीवाला आपल्याकडे अग्नी देत नाहीत, पुरतात, आणि आपल्या भाषेने या पुरण्याला आणि कापड पुरण्याला एकच शब्द ठेवला आहे, त्याला कोण काय करणार? शाळेतल्या सगळ्यांत जुन्या द्वारकाबाई एकदा सवयीने म्हणून गेल्या, "माझं बाई बरोब्बर पुरलं," आणि कोपऱ्यात रेवतीचा माउसवरचा हात होता तिथेच थांबला. तेव्हापासून बायका "भागलं का?", "होईल ना?" असं विचारू लागल्या.

रेवतीने झबल्याचं छायाचित्र काढून संगणकात घातलं. मग काय, ज्या चौकोनावर टिचकी मारावी तिथे बदकं हजर. तिने बदकांच्या चांदण्या केल्या, चक्रं केली, एकात एक गुंफलेल्या साखळ्या केल्या. एक मांडणी झाली की ती पुसून दुसरी. घरी पाऊल टाकलं की घर अंगावर यायचं, नवरा भिंतीकडे तोंड करून निजलेला असायचा. इथे निदान बदकं होती, आणि ती संपत नव्हती.

आप्पा येता-जाता थांबत, पडद्याकडे बघत आणि "छान झालंय" म्हणून पुढे जात. बाकीच्या बायकांचा वाकडा टाका ते निर्दयपणे उसवायला लावत. साहजिकच बायका आपसांत कुरकुरत, की आमच्या नशिबी उसवणं आणि तिच्या वाट्याला नुसतं कौतुक.

एके दिवशी दुपारी रेवतीची मांडणी तिच्या मनासारखी झाली. या कडेपासून त्या कडेपर्यंत बदकंच बदकं. तिने पिशवीतून झबलं काढलं, पहिल्यांदाच सगळ्यांसमोर टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "आप्पा, कात्री द्या. आज कापते."

आप्पांनी कात्री दिली नाही. गळ्यातली टेप काढून त्यांनी झबल्याची पुढची बाजू मोजली, पाठ मोजली, इवल्याशा बाह्या मोजल्या. मग ते संगणकासमोर बसले आणि रेवतीने कधीच न उघडलेला एक रकाना त्यांनी उघडला. 'उपलब्ध कापड' असं वर लिहिलेलं होतं आणि समोर आधीपासूनच शब्द होता, 'अमर्याद'. आप्पांनी तो पुसला, तिथे झबल्याचं माप लिहिलं आणि कळ दाबली.

गोधडी पांढरी होत गेली. चांदण्या गेल्या, चक्रं गेली, साखळ्या गेल्या. वरच्या डाव्या कोपऱ्यात थोडीशी बदकं तेवढी उरली.

"हे काय केलंत तुम्ही?" रेवती म्हणाली.

"कापड पुरणार नाही, रेवती," आप्पा म्हणाले.

दालनातल्या सगळ्या सुया थांबल्या. द्वारकाबाई तर उठूनच उभ्या राहिल्या. "अहो आप्पा, जिभेला काही हाड आहे की नाही तुमच्या?"

रेवतीने पुढे वाकून 'पूर्ववत' दाबलं. बदकं परत आली, सगळीच्या सगळी. आप्पांनी तिला अडवलं नाही. ते खुर्चीवरून उठले, तिला बसायला दिलं आणि हळूच बोलू लागले.

"या यंत्राने तुला फसवलं नाही. त्याला माप कुणी सांगितलंच नव्हतं. मीही सांगितलं नाही, कारण इथे बसलीस की तुला घडीभर बरं वाटायचं, मी म्हटलं राहू दे. पण आज तू कात्री मागितलीस. झबलं कापून झाल्यावर, ते चार तुकडे हातात घेऊन तुला कळलं असतं, तर तिथे 'पूर्ववत' कुठून आणली असतीस? मनूचं कापड एवढंच आहे, बाळ. कसंही मांडलंस तरी ते पुरणार नाही. आपल्याला पुरावं एवढं ती इथे राहिलीच नाही."

तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली बाई, झबल्यात किती कापड असतं हे तिला कळू नये? कळत होतं हो. न कळायला काय झालं? पण कळणं एका जागी असतं आणि माणूस दुसऱ्या जागी जाऊन बसतं.

"मग मी पांघरू काय?" रेवतीने विचारलं.

आप्पा तिच्या शेजारी स्टूल ओढून बसले. रेवती एकच कळ दाबत होती. पांढरं, बदकं, पांढरं, बदकं. द्वारकाबाईंनी आणून ठेवलेला चहा निवून त्यावर साय धरली. उन्हं भिंतीवरून उतरली तेव्हा तिचा हात थांबला, आणि थांबला तो पांढऱ्यावर.

"बाकीच्या चौकोनांत काय घालू?"

"काय घालावंसं वाटतं?"

"काहीच नाही."

"मग काही घालू नकोस. साधं मांजरपाट लाव."

"आणि कापूनही पुरणार नसेल, तर कापू तरी कशाला?" असं म्हणून रेवतीने झबल्याची घडी घातली. तो शब्द आपण उच्चारला हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

दुसऱ्या दिवसापासून ती सतरंजीवर येऊन बसली. पांढऱ्या मांजरपाटावर वरच्या कोपऱ्यात तिने सबंध झबलं बाह्या पसरून टाचलं, आणि उरलेल्या कोऱ्या पसाऱ्यावर धावदोरा घालत राहिली. तो पसारा संपता संपत नव्हता. टाका वाकडा गेला की आप्पा उसवायला लावत, आणि ती उसवत असे. कधीकधी शिवता शिवता तिला रडू फुटे. कुणी तिची समजूत काढायला जात नसे, आणि काढणार तरी काय सांगून?

थंडी पडायच्या सुमारास शेवटची कड आली. रिळावर दोरा अगदी थोडा राहिला होता. शेजारी बसलेल्या द्वारकाबाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "पुरलं का गं?" आणि त्यांनी जीभ चावली.

रेवतीने गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडला.

"तिला पुरलं, द्वारकाबाई," ती म्हणाली. "मला नाही पुरलं."

द्वारकाबाईंनी तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. आप्पा चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. त्या दिवसापासून शाळेत तो शब्द पुन्हा पूर्वीसारखा बोलला जाऊ लागला, रेवतीसमोरसुद्धा.

रेवती त्या गोधडीखाली निजते. ऊब मिळते का विचारलं तर सांगते, की थंडी वाजते.