मळका मिटलेला चाकू

एका राज्यात सांज झाली, आणि ती सरेचना. सूर्य डोंगराला टेकला तो टेकलाच राहिला. पिकलेली फळं देठाला धरून राहिली. घागरीतून पाणी ओतलं जाईना. निरोप घेतलेले पाहुणे उंबऱ्यावरच उभे राहिले. जे जिथे होतं, ते तिथून सुटेना.

त्या राज्याचा राजा मणिध्वज. त्याची राणी चारुमती कळा देत होती, पण तिची सुटका होईना. पलीकडच्या दालनात राजाचे वृद्ध पिता हंसध्वज अखेरच्या श्वासाला आले होते, आणि तो श्वासही सुटेना.

कारण राजाला ठाऊक होतं. त्याच्या शेल्यात एक घडीचा चाकू होता. मूठ सांबरशिंगाची, पातं निळ्या पोलादाचं. शबला नावाच्या मायाविनीने तो पूर्वी त्याच्या कुळाला दिला होता. देताना ती म्हणाली होती, "जे वेगळं व्हायचं, ते ह्याच्यामुळे वेळेवर वेगळं होईल. मात्र ह्याला मळका मिटू नका. मळका मिटलात, तर सारं राज्य मिटेल." मणिध्वजाने रानात त्या चाकूने फणस चिरला, आणि चीक न पुसताच घाईघाईने पातं मिटलं. आता ते उघडत नव्हतं. लोहारांनी सांडशी लावली, मल्लांनी बळ लावलं. पातं हललं नाही.

तेव्हा सज्जाच्या कठड्यावर एक तांबट पक्षी येऊन बसला. तो शबलेचा होता, म्हणून शापाने त्याला धरलं नव्हतं.

"राजा," पक्षी म्हणाला, "जोराने तो मोडेल, उघडणार नाही. त्याला धुवावं लागेल, सुकवावं लागेल, तेल द्यावं लागेल. माझ्यामागे ये. मात्र कुणाचा निरोप घेऊ नकोस. निरोप घेतलास, तर उंबऱ्यावरच राहशील."

राणीच्या दालनातून कण्हणं ऐकू येत होतं. राजाने दाराला हात लावला, काढून घेतला, आणि न बोलता तो पक्ष्यामागे चालू लागला.

पहिल्यांदा ते गरम पाण्याच्या कुंडाशी आले. काठावर रिठ्याची झाडं होती, आणि खाली जुने, सुकलेले रिठे पडले होते. राजाने ओंजळ भरून पाहिली. पाणी कुंड सोडून वर येईना.

"पाणी तुझ्याकडे येणार नाही. तू खाली उतर," पक्षी म्हणाला.

राजाने मुकुट काठावर ठेवला आणि तो छातीभर पाण्यात उतरला. रिठे चोळून त्याने फेस काढला आणि मुठीच्या खाचेत तो फेस जिरू दिला. पाणी झऱ्याच्या आवाजात त्याला गाणं म्हणून झोपवू पाहत होतं, पण त्याने चाकू सोडला नाही. मग तांबटाने आपल्या पंखाचं टोक खाचेत घालून हळूहळू फिरवलं. आधी वाळू निघाली, मग शेल्याचा एक धागा, मग काळा पडलेला चीक. त्या राज्यात बऱ्याच काळाने सुटलेली ती पहिली गोष्ट होती. पातं नखभर हललं.

"उघडू का?"

"पातं फिरतं त्या खिळीपाशी अजून पाणी आहे. आतून गंज चढेल."

"मग जाळावर धरतो!"

"जाळाने पोलादाला दिलेलं पाणी उतरेल, राजा, धार मऊ पडेल. मग ते पातं राहणार नाही, नुसती पट्टी राहील."

म्हणून ते वाऱ्याच्या खिंडीत गेले. तिथे राजा चाकू उंच धरून उभा राहिला. वारा राजवाड्यावरून येत होता. त्यात राणीचा आवाज होता. ती त्याला हाक मारत होती. राजाचे पाय दोनदा वळले. "थेंब अजून आहे," पक्षी सांगे, आणि राजा पुन्हा हात उंच करी. त्याचा हात दगडासारखा जड झाला, तेव्हा कुठे खीळ कोरडी झाली.

शेवटी ते शबलेच्या गुहेत आले. ती समईपाशी बसली होती. समईच्या काठावर खोबरेलाचा एक थेंब लोंबत होता. पडत नव्हता.

"खीळ त्याला लाव," शबला म्हणाली. "एकच थेंब. जास्त तेल धूळ धरतं."

राजाने चाकू टेकवला. खिळीने थेंब पिऊन टाकला. पातं मुठीत सैल झालं.

"आता ऐक," शबला म्हणाली. "हे उघडलंस की दोघं सुटतील. तुझी राणी, आणि तुझे तात."

राजाने सैल पातं अंगठ्याखाली दाबून धरलं. मग म्हणाला, "एकटीला सोडवता येणार नाही?"

"नाही."

राजा परतला आणि थेट पित्याच्या उशाशी जाऊन बसला. चाकू त्याने मुठीत लपवला होता. हंसध्वजांनी डोळे उघडले.

"हातात काय आहे?"

"काही नाही, तात."

"खोबरेलाचा वास येतोय." म्हातारा क्षीण हसला. "मणिध्वजा, फार वेळ झाला रे. सून पलीकडे तळमळते आहे, मी इथे. किती ताटकळवशील?"

"तात, मला अजून…"

"मलाही. पण आता उघड."

राजाने एका हाताने पित्याचा हात धरला. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पातं वर ढकललं. ते आवाज न करता उघडलं.

बागेत फळं धपाधप पडली. उंबऱ्यावरचे पाहुणे वाटेला लागले. सूर्य डोंगराआड गेला. राजाच्या हातातला हात हलका झाला, आणि पलीकडच्या दालनात एक मूल मोठ्याने रडलं.

राजाने पित्याचे डोळे मिटले. मग तो पलीकडे गेला आणि त्याच चाकूने लेकीची नाळ कापली.

राजवाड्याने सोयर आणि सुतक एकदमच धरलं. सकाळी पित्याला अग्नी देऊन राजा ओल्या वस्त्रांनी परतला आणि दाराबाहेरूनच राणीला म्हणाला, "तात गेले."

"या ना आत," चारुमती म्हणाली. "ही जागी आहे."