रावसाहेबांचा शब्द

इचलकरंजीच्या इंदुताई शिरगुप्पे यांना स्वयंपाकघर आणि बैठकीच्या खोलीमधली भिंत काढायची होती. वरचा मजला त्याच भिंतीवर उभा होता आणि तिथे त्यांच्या धाकट्या जाऊबाई मुलाबाळांसह राहत होत्या. म्हणून इंजिनिअरने भिंतीच्या जागी बारा फूट लांबीचा, दहा इंची लोखंडी गर्डर घालायला सांगितलं. ठेकेदार रावसाहेब अथणे यांनी मात्र आठ इंची आणला.

इंदुताईंनी टेप लावून तो मोजला. “रावसाहेब, हा दोन इंच कमी आहे.”

“तो इंजिनिअर कालचा पोरगा! मी चाळीस वर्षं घरं बांधतोय,” रावसाहेब गरजले. “वरच्या मजल्याला काही होणार नाही. रावसाहेबाचा शब्द आहे, आणि माझा शब्द म्हणजे लोखंड!”

इंदुताईंनी शांतपणे मान डोलावली.

“मग गर्डर कशाला हवा? हा परत न्या आणि भिंतीच्या जागी तुमचा शब्दच बसवा. फक्त तो बारा फूट भरतो का, तेवढं मोजून घेऊ,” असं म्हणत त्यांनी टेपचं टोक रावसाहेबांच्या हातात दिलं.

रावसाहेबांनी टेपकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. दहा इंची गर्डर संध्याकाळपर्यंत आला.