समस्या सुटली असल्यास एक दाबा

"...मग शेवटी तू कोणतं बटण दाबलंस?" सरूमाईंनी विचारलं.

"एकचं," त्र्यंबक म्हणाला.

"त्यानं काय झालं?"

"तक्रार मिटली."

"आन् फोन?"

"फोन... बंदच आहे, माई."

 माईंच्यापुढे परात होती, परातीत भगवी काव कालवलेलं पाणी होतं आणि त्या पाण्यात त्र्यंबकची दीक्षेसाठीची नवी छाटी भिजत होती. ती त्यांनी वर काढली, पिळली, वाळत घालायला म्हणून उठल्या...

मग काय मनात आलं कोण जाणे, परत बसल्या आणि छाटी पुन्हा पाण्यात सोडली.

त्र्यंबकनं घाबरून सूर्याकडे पाहिलं.

कारण आजच दुपारी बारा वाजता त्याला दीक्षा मिळायची होती. या मठात दीक्षा वर्षातून एकदाच देतात, मठ स्थापणाऱ्या आदिमाईंच्या पुण्यतिथीला, ऊन बरोबर डोक्यावर आलं की. वेळ टळली तर पुढच्या वर्षी या. मागच्या वर्षी माईंनी "अजून थांब" म्हणून त्याची बोळवण केली होती. यंदा त्या आपण होऊन "तयारी कर" म्हणाल्या होत्या.

त्र्यंबक मुळावेकर हा अठ्ठावीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस. निवृत्त झाला, घर भावाच्या हवाली केलं आणि टेकडीवरच्या या मठात येऊन राहिला. मठात माणसं दोनच, माई आणि तो. त्याच्या अंगात गुण पुष्कळ होते. एकच खोड होती. आपल्याला राग येत नाही, याचा त्याला फार अभिमान होता. एकदा त्याला विंचू चावला, तेव्हा तो नुसता "अरे वा" म्हणाला होता. ही गोष्ट मठात येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होती, कारण ती तो स्वतःच सांगत असे.

माईंनी त्याला दीक्षेआधी एकच काम दिलं होतं. मठाचा फोन चालू करून घ्यायचा.

काम दिसायला सोपं. टेकडीखाली खोलगट भागात तीन वाड्या आहेत. तिथे मोबाइलला रेंज नाही. बाहेरगावी कामाला गेलेली माणसं मठाच्या फोनवर निरोप देतात, आणि घरची माणसं संध्याकाळी टेकडी चढून तो घ्यायला येतात. खरं सांगायचं तर मठात देवापेक्षा फोनपुढेच जास्त माणसं हात जोडून बसलेली असत.

मागच्या वर्षी फोन कंपनीनं जुनी तार काढली आणि भिंतीवर एक पांढरा डबा ठोकला. डब्यावर चार दिवे. चारही हिरवे असले की फोन चालू. गेले एकोणतीस दिवस त्यातला एक दिवा तांबडा होऊन लुकलुकत होता, आणि फोन उचलला की कानात नुसती सामसूम.

"तू किती वेळा तक्रार केलीस?" माईंनी विचारलं.

"नऊ वेळा."

"ते काय म्हणले?"

"डबा बंद करून पुन्हा चालू करा, बहात्तर तास थांबा म्हणाले. मी केला. नऊही वेळा केला."

"बरं. आन् तू काय म्हणलास?"

"काही नाही, माई." त्र्यंबकचा चेहरा उजळला. एवढ्या एका प्रश्नाची तो मघापासून वाट पाहत होता. "एकदाही आवाज चढवला नाही. मधुकरीला जातो, तसाच गेलो."

आणि ते अक्षरशः खरं होतं.

या मठाचा मधुकरीचा नियम कडक. पाच घरं मागायची. दारात एकदाच हाक द्यायची. गाईची धार काढायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ उभं राहायचं. कुणी आलं नाही तर मान लववून पुढे चालायचं. झोळीत पडेल ते गोड मानायचं. दारात हुज्जत घालायची नाही.

त्र्यंबकनं फोन कंपनीला हाच नियम लावला. मठाच्या वर एक मोठा धोंडा आहे, तिथे तेवढी मोबाइलला रेंज मिळते. तो रोज झोळी खांद्याला लावून धोंड्यावर जाई, कंपनीचा नंबर लावी, आणि उभा राही. मराठीसाठी दोन दाबा. तक्रारीसाठी चार दाबा. आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत. मग ती बासरी. एका गाईची धार काढून होईल एवढा वेळ तो ती बासरी ऐके; तेवढ्यात कुणी बोललं तर तक्रार सांगून ते म्हणतील ते ऐकून घेई, नाहीतर फोनला मान लववून तो बंद करी आणि खाली येई.

अशानं कंपनीचं काय बिघडणार? असं गिऱ्हाईक तर त्यांना हवंच होतं.

"काल संध्याकाळी मी धोंड्यावर असताना कंपनीचाच फोन आला," त्र्यंबक सांगू लागला. "ध्वनिमुद्रित आवाज होता. समस्या सुटली असल्यास एक दाबा, नसल्यास दोन दाबा. दोन दाबलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. मला वाटलं, हा हट्ट कशासाठी? मिळेल ते घ्यावं. बंद फोन मिळाला, तर बंद फोन. मी एक दाबलं आणि सोडून दिलं. खरं सांगतो माई, फार हलकं वाटलं मला."

"तुला हलकं वाटलं."

"हो."

"आन् तिला?"

माईंनी बोट केलं नाही. नुसतं ओसरीकडे पाहिलं.

ओसरीवर, डब्याखाली, हौसा बसली होती. खालच्या वाडीतली. तिची लेक कांता नवऱ्याबरोबर गुजरातेत वीटभट्टीवर गेलेली, नववा महिना लागलेला. पोरीकडे स्वतःचा फोन नाही. ज्याचा मिळेल त्याचा मागून घ्यायचा आणि मठाचा नंबर लावायचा. तेवढाच एक नंबर तिला पाठ होता. एकोणतीस दिवसांत काय झालं असेल, पोर सुटली का, कशी आहे, हे कळायला दुसरी वाट नव्हती. म्हणून हौसा रोज सकाळी शेरडं सोडून इथे यायची आणि त्या तांबड्या दिव्याकडे बघत बसायची.

तिनं दोघांचं बोलणं ऐकलं होतं. ती त्र्यंबककडे पाहून कसनुसं हसली.

"असू द्या म्हाराज," ती म्हणाली. "तुम्ही तरी काय करनार..."

 तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्र्यंबकला वाटलं.

माई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "चल."

"कुठं?"

"धोंड्यावर."

"पण माई, बारा वाजता..."

"आत्ता धा वाजलेत."

अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, गुडघे कामातून गेलेले. चार ठिकाणी थांबत त्या वर चढल्या आणि धोंड्याला टेकून बसल्या. त्र्यंबकनं मोबाइल काढला, नंबर लावला, आवाज मोठा केला आणि सवयीनं उभा राहिला. खांद्याला झोळी, मान खाली.

"असा का उभा?"

"मी रोज असाच..."

"झोळी काढ."

त्यानं काढली.

"खाली हातर."

त्यानं अंथरली.  या मठात झोळी पायाखाली जाऊ देत नाहीत. धुतली तरी अंगणात नाही, देवघराच्या दाराशी वाळत घालतात.

"बस तिच्यावर."

"माई, ही झोळी आहे..."

"बस. आपण हितं मागायला आलो न्हाई."

तो बसला. निखाऱ्यावर बसावं तसा बसला.

बासरी सुरू झाली. मधूनमधून बासरी थांबे आणि एक गोड आवाज म्हणे, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

"आमच्यासाठी बी," माई प्रत्येक वेळी म्हणत.

एका गाईची धार काढून झाली असती. गोठाभर गाईंची झाली असती. त्र्यंबकचा अंगठा दोनदा आपोआप बटणाकडे गेला. दोन्ही वेळा माईंनी त्याच्या मनगटावर चापट मारली.

पाऊण तासानं माणसाचा आवाज आला.

"नमस्कार, मी पल्लवी. मी आपली काय मदत करू शकते?"

माईंनी मठाचा नंबर सांगितला. पलीकडे खटाखट बटणं वाजली.

"मॅडम, आपली तक्रार काल निकाली निघाली आहे. ग्राहकानं स्वतः खात्री दिली आहे की फोन चालू आहे."

माईंनी मोबाइल त्र्यंबकच्या तोंडापुढे धरला. "सांग तिला."

"नमस्कार," त्र्यंबक म्हणाला. "त्याचं असं झालं, की एका विशिष्ट मनःस्थितीत, आग्रह सोडून देण्याच्या भूमिकेतून..."

"सांग," माई म्हणाल्या.

त्र्यंबकचे कान तापले. अठ्ठावीस वर्षं त्यानं सत्य म्हणजे काय हे फळ्यावर लिहून शिकवलं होतं. परीक्षेला हमखास येणारा प्रश्न होता तो.

"मी खोटं बोललो," तो म्हणाला. "फोन बंद होता. तो बंद आहे हे मला ठाऊक होतं. तरी मी एक दाबलं."

पलीकडे पुन्हा बटणं वाजली.

"ठीक आहे, सर. मी नवी तक्रार नोंदवते. बहात्तर तासांत आपल्याशी संपर्क..."

"नाही!"

हा आवाज आपला आहे, हे त्र्यंबकला उशिरा कळलं. खालच्या झाडावरचे होले फडफडून उडाले.

"बहात्तर तास नाही! नऊ वेळा दिले तुम्हाला बहात्तर तास. नऊ वेळा तोंडाला पानं पुसलीत. तिकडे एक पोर बाळंत झाली की नाही ते तिच्या आईला माहीत नाही, आणि तुम्ही मला डबा बंद करून चालू करायला सांगता? आता मी करणार नाही. आता तुमचा माणूस येईल आणि तो करेल!"

बोलून झाल्यावर त्याला धाप लागली. तो भीत भीत माईंकडे वळला. दोन वर्षांचं सगळं एका मिनिटात धुऊन गेलं, असं त्याला वाटलं. आता दीक्षा गेली.

माई पदराला चिकटलेली कुसळं काढत होत्या.

"सर," पल्लवी म्हणाली, "माझ्या हातात एवढंच आहे. आपण फोन ठेवा, प्लीज."

"आम्ही ठेवत न्हाई," माई म्हणाल्या.

"मॅडम, ग्राहकानं ठेवल्याशिवाय आम्हाला ठेवता येत नाही."

"ठाऊक हाय."

पल्लवीचा आवाज खाली आला. कागदावरचं बोलणं संपलं आणि पोरीचं सुरू झालं. "आजी, कॉल दहा मिनिटांच्या वर गेला की माझ्या नावावर शेरा पडतो हो."

"कोण मारतो शेरा?"

"वरचे साहेब."

"मग त्याला जोड की. तुझ्याशी न्हाई माझं भांडण, लेकी. तुला बी त्यानंच दारात उभं केलंय."

 मग पल्लवी कुजबुजली. "जोडते. पण ते कधी उचलतील सांगता येत नाही. खूप वेळ लागतो. आजी, काही झालं तरी लाइन कट करू नका. तुम्ही कट केलीत की ते सुटले."

पुन्हा बासरी.

दोघं बसून राहिले. ऊन चढत चाललं. सावली धोंड्याच्या पायथ्याशी आली. खाली अंगणात कुणीतरी आलेलं दिसलं, वाडीतला न्हावी, धोकटी घेऊन. डोकं भादरायला पाटही मांडून ठेवला होता. परातीत छाटी तशीच भिजत होती, आणि ओसरीवर डब्याखाली हौसा तशीच बसून होती.

माई उठल्या. मोबाइल त्यांनी त्र्यंबकच्या हातात ठेवला, त्याची बोटं त्याच्यावर नीट मिटवली आणि काठी घेऊन उतरायला लागल्या.

त्र्यंबक बसल्या जागी अर्धवट उठला. धोंड्यावरून दोन पावलं खाली गेलं की रेंज जाते. त्याला खाली जाता येईना, आणि राहवेना.

"माई!" तो ओरडला. "साडेअकरा होऊन गेले. मुहूर्त टळला तर वर्ष जाईल माझं..."

माई चालत राहिल्या.

"माई, निदान एवढं तरी सांगा. किती वेळ धरून बसू मी हा फोन?"

माई थांबल्या. मागे वळल्या नाहीत.

"हौसाला विचार."