तळ्याखालचं गाव

“गुरुजी, कंटाळा आला तरी पुस्तक वाचतच राहायचं, असं कुठं लिहून ठेवलंय?”

जालिंदर दारातूनच बोलला. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

तांबोळी गुरुजींनी खाटेवरून आवाजाकडं मान वळवली. काचबिंदूनं त्यांची नजर गेली त्याला चार वर्षं झाली.

“आधी आत तर ये,” ते म्हणाले. “चकल्या आणल्यास वाटतं. वास येतोय.”

मी तिथंच होतो, गुरुजींच्या रेडिओचं बटण बसवत. शेजारी माझं सायकलचं दुकान आहे. जालिंदर आणि मी पाचवीला एका वर्गात, याच गुरुजींच्या हाताखाली. तो पुढं प्राध्यापक झाला आणि वर्तमानपत्रात लोकांच्या पुस्तकांची सालं काढायला लागला. मी पंक्चर काढतो. त्याचं मला काही वाटत नाही, पण त्याला माझ्याबद्दल वाटतं आणि तेच माझ्या डोक्यात जातं.

मात्र एका गोष्टीसाठी मी त्याला मानायचो. ‘भुयारगडची सात दारं’ या कादंबरीमालेचा नवा भाग पूर्वी दोन-तीन वर्षांनी निघायचा, अलीकडं दर दिवाळीला यायचा आणि दिवाळी सरली की पहिल्या रविवारी जालिंदर तो घेऊन हजर व्हायचा. आंधळ्या गुरुजींना मोठ्यानं वाचून दाखवायचा. चार वर्षं एकदाही चुकला नव्हता.

“एकोणिसावा भाग आणलाय,” तो डबा गुरुजींपुढं ठेवत म्हणाला. “पण वाचणार नाही. आजच नाही, पुढंही नाही. ते सांगायलाच आलोय.”

गुरुजींचा हात चकलीच्या डब्यावर तसाच राहिला.

माझा पेचकस थांबला. म्हातारा श्रावणापासून मला विचारत असतो, “दिवाळी किती लांब आहे रे?” वर्षातून एवढाच एक रविवार त्याच्या घरात दुसऱ्याचा आवाज असतो. माझा सोडून. माझा काय, रोजचाच आहे.

“मृगांक कुठवर आला?” गुरुजींनी विचारलं.

“पाचव्या दाराशी.”

“मागल्या साली तिथंच होता.”

“त्याच्या मागल्या साली पण तिथंच होता! पहिल्या सहा भागांत चार दारं उघडली, गुरुजी. पुढचे तेरा भाग झाले, हे लोक पाचव्या दाराबाहेर बसून गप्पा मारतायत.”

“आणि राजकन्येचं लग्न?”

“अजून ठरतंय.”

“ते अस्वल?”

“तीन भाग झोपलंय. थंडी फार आहे म्हणे.”

गुरुजी हसले. मला पण हसू आलं, पण जालिंदरचा चेहरा बघून मी रेडिओत तोंड घातलं.

“हसू नका,” तो म्हणाला. “मागल्या वर्षी वाचताना तुम्ही स्वतः घोरत होतात.”

“तू जांभया देत वाचत होतास. मी तुला साथ दिली.”

जालिंदर शेवटी चपला काढून खुर्चीवर बसला. बसल्यावर त्याचा आवाज जरा उतरला.

“गुरुजी… पहिल्यासारखं नाही राहिलं. तुम्हीच पाचवीला शेवटच्या तासाला पहिले तीन भाग वाचून दाखवलेत. आठवतंय? तिसऱ्या भागातलं ते तळं…”

“सांग बघू.”

“मृगांक तळ्यात बुडी मारतो. खाली अख्खं गाव. एकही भिंत पडलेली नाही. देवळापुढं फणस, फणसाला घंटा टांगलेली, पाणी हललं की वाजतीय. उंबऱ्यावर एक आजी बसलेली. ती विचारते, ‘वरची माणसं बरी आहेत का रे?’ आणि मृगांक सांगतो, ‘बघून येतो आणि सांगतो…’”

तो थांबला. उगाच खोकला काढला.

जालिंदरचं गाव धरणात गेलेलं. पाचवीच्या वर्षी सरकारी ट्रकमधून इकडं आला तेव्हा हा मुलगा मुका आहे असंच आम्हाला वाटायचं. दोन महिने तोंडातून शब्द नाही. एके दिवशी गुरुजी पुस्तक वाचत असताना तो एकदम मोठ्यानं बोलला, “मग पुढं?” अख्खा वर्ग मागं वळून बघायला लागला. नेमकं काय वाचत होते ते मला आठवत नव्हतं. शेवटच्या तासाला मी झोपायचो.

“सोळा भाग झाले,” जालिंदर म्हणाला. “सोळा भाग ती म्हातारी उंबऱ्यावर वाट बघतीय. ‘येतो’ म्हणून गेलेला मृगांक परत फिरकला नाही. त्या लेखकाला आठवण सुद्धा नाही! दर खेपेला मी पान उलटताना म्हणतो, या भागात जाईल… या भागात तरी. माझं भांडण त्या दाराशी नाही, गुरुजी. मला त्या आजीचं काय झालं ते पाहिजे. नाहीतर हे सगळं गुंडाळून ठेवलेलं बरं.”

गुरुजींनी चकलीचा डबा बाजूला सरकवला.

“हे बघा,” जालिंदरनं पिशवीतून दुसरं पुस्तक काढलं. “तिसऱ्या भागाची नवी आवृत्ती. काल मुद्दाम विकत घेतली. मी चौथ्यापासून पुढं स्वतः वाचलं, पहिले तीन फक्त तुमच्या तोंडून ऐकलेत. म्हटलं, आज तुम्हाला तेच वाचून दाखवावं आणि थांबावं. जिथं गोड होतं तिथं थांबावं.”

“वाच.”

तो पानं उलटायला लागला. पुढं गेला. मागं आला. परत पुढं.

“तळं…” तो पुटपुटला. “तळं आलं. आणि हे लगेच तिसरं दार? मधलं कुठं गेलं?” त्यानं पुस्तक मांडीवर आपटलं. “कापलंय! नव्या आवृत्तीत कापलंय! अरे, जे चांगलं तेच नेमकं…”

“खाटेखाली ट्रंक आहे,” गुरुजी मला म्हणाले. “शाळेतली जुनी प्रत आहे आत. शाळा टाकून देत होती, मी आणली.”

मी ट्रंक ओढली. तिसरा भाग वरच होता. पुठ्ठा खळीनं चिकटवलेला, कोपरे उंदरांनी खाल्लेले. जालिंदरनं माझ्या हातातून तो जवळजवळ ओढूनच घेतला.

यावेळी पान पटकन सापडलं. त्यानं बोट ठेवून मोठ्यानं वाचलं.

“‘तळे ओलांडून ते सर्वजण तिसऱ्या दाराशी पोचले.’”

बस. एवढंच.

पण त्या ओळीशेजारी, कडेच्या मोकळ्या जागेत, पेन्सिलनं काहीतरी लिहिलेलं होतं. गुरुजींचं अक्षर. माझ्या पाचवीच्या वह्यांवर त्याच अक्षरात शेरे असायचे, ते मी कसं विसरेन?

जालिंदरनं तेही वाचलं.

“‘फणस. घंटा. आजी मागं राहिली.’”

बाहेर कुणीतरी माझ्या दुकानापुढं घंटी वाजवत होतं. मी उठलो नाही. जाऊ दे गिऱ्हाईक.

“हे मी तुम्हाला सांगितलं होतं?” जालिंदरनं विचारलं.

“तू कुठं बोलत होतास? तुझा बाप सांगून गेला. नाव घालायला आला तेव्हा. आमची म्हातारी ट्रकात चढलीच नाही म्हणाला… त्याच आठवड्यात गेली म्हणाला.”

“म्हणजे तुम्ही पुस्तकात नसलेलं वाचलंत.”

“हो.”

“वर्गापुढं! खोटं!”

“पानं माझ्याकडं होती. तुमच्याकडं पुठ्ठा होता.”

जालिंदर उभा राहिला. तोंड लाल झालेलं. मला वाटलं, हा आता जातो.

“एकतीस वर्षं मी त्या लेखकाचे उपकार मानतोय! नववीत पत्र लिहिलं होतं मी त्याला, तळ्याखालच्या गावाबद्दल. आणि त्याचं उत्तर आलंय! पोस्टकार्ड आहे माझ्याकडं, फ्रेम करून ठेवलंय. ‘ते प्रकरण मलाही फार प्रिय आहे’ असं स्वतःच्या हातानं लिहिलंय त्यानं!”

गुरुजींचं पोट हलायला लागलं. मग ते इतके हसले की मला पाण्याचा तांब्या पुढं करावा लागला.

“भला माणूस,” डोळे पुसत ते म्हणाले. “भला माणूस आहे रे. त्याची पुस्तकं मात्र पहिल्यापासून कंटाळवाणी. पहिला भाग तर… या अल्ला! अर्धा भाग नुसता वंशावळीचा. चाळीस पोरं जागी ठेवायची होती मला.”

“एक झोपायचं,” मी म्हणालो.

“तुझ्यावर इलाज नव्हता.”

जालिंदर हसला नाही. मघाची ती ओळ बोटानं पुन्हा पुन्हा चाचपत होता. खरं सांगतो, मला त्याची दया आली. जे परत मिळावं म्हणून हा माणूस एवढी वर्षं भांडला, ते छापलेलंच नव्हतं कुठं.

“मग मृगांक त्या आजीकडं जाणार कसा?” तो म्हणाला. अगदी पाचवीतल्यासारखा आवाज. “लेखकाला तर ती माहीतच नाही.”

“नाही ना.”

“ती तिथंच बसणार?”

“मी पण तोच विचार करत असतो,” गुरुजी म्हणाले. “दर दिवाळीला.”

जालिंदर हळूच खाली बसला. जुनी प्रत त्यानं शेजारी ठेवली. एकोणिसावा भाग उचलला, कोरा करकरीत. पहिलं पान उघडलं. नजर खाली वर फिरवली.

“‘पाचव्या दाराबाहेर थंडी वाढली होती,’” त्यानं वाचलं आणि थांबला. “पुढं चार पानं थंडीच आहे, गुरुजी. यात काहीच घडत नाही. काय वाचू?”

गुरुजींनी डब्यातून एक चकली काढली, पाठ भिंतीला टेकवली आणि पाय वर घेऊन मांडी घातली.

“वाच की,” ते म्हणाले. “मला कुठं दिसतंय त्यात काय छापलंय ते.”