गंधाचं बटण

वडजाईच्या दूध संघात खंडेनवमीला वजनकाट्यापासून कॉम्प्युटरपर्यंत सगळ्यांची पूजा व्हायची, आणि तीही चेअरमन तात्यासाहेब खराड्यांच्याच हातून. गंधाच्या वाटीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

दसरा झाला, ऑफिस उघडलं, तर मॉनिटर काही केल्या सुरू होईना. दूध घेऊन आलेले गवळी दारात खोळंबले. तात्यासाहेब कडाडले, "कुणी बिघडवला हा? त्यानं सगळ्यांसमोर मॉनिटरला हात जोडून माफी मागायची. नाहीतर इंदूताई, कॉम्प्युटर तुमच्या ताब्यात, उद्यापासून तुम्हीच घरी बसा!"

इंदूताई पाटणे असल्या आवाजाला भिणारी नव्हती. तिनं प्लग तपासला, वीज होती. वायर बदलून पाहिली, तरी अंधारच. मग मॉनिटरच्या कडेवरून बोट फिरवता फिरवता ती गालातल्या गालात हसली. चालू करायचं बटण आत रुतून बसलं होतं आणि त्यावर वाळलेल्या अष्टगंधाचा जाड थर होता. केसांतल्या पिनेनं तिनं तो खरवडला. बटण टुक्कन वर आलं, दाबताच पडदा उजळला.

"ते ठीक आहे," तात्यासाहेब मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "पण माफी मागायला लावल्याशिवाय मी सोडणार नाही. कोण तो?"

इंदूताईनं पिनेवरचं गंध त्यांच्यापुढं धरलं. "माफी कधीच मागून झाली, साहेब. बटणावर गंध थापल्या थापल्या त्यानं सगळ्यांसमोर मॉनिटरला हात जोडले होते."

गवळ्यांत खसखस पिकली.

पुढच्या खंडेनवमीला तात्यासाहेबांनी वाटीत बोट बुडवलं आणि हळूच विचारलं, "इंदूताई, कुठं लावू?"