खारूताई गाडी मागे घेते

मुलांनो, खारीला पहिल्यांदा जे खटकले, ते अगदी बारीकसे होते. नव्या गाडीत बसल्यावर तिला स्वतःच्याच गाडीचे नाक दिसेना. तिने बुडाखाली आणखी एक उशी घेतली. नाक दिसू लागले, पण आता पाय ब्रेकला पोहोचेनात. शेवटी ती उभ्यानेच गाडी चालवू लागली.

सागाच्या जंगलात राहणारी ही खार भारीच भित्री. पान गळले तरी दचकायची. म्हणूनच तर तिने साऱ्या जंगलात नसेल एवढी मोठी गाडी घेतली होती. आणि खरे सांगायचे तर, त्या गाडीत सुख होते. खड्डा कधी आला नि कधी गेला, कळतही नसे. रानडुकरे आपणहून बाजूला होत. काचा वर केल्या की वानरांचे चिडवणेही ऐकू येत नसे. खार मनाशी म्हणे, "आता मला कुणाची भीती नाही आणि कुणाची गरजही नाही."

एके दिवशी नाल्याकाठच्या अरुंद वाटेवर समोरून गवा आला. मागे गवताने भरलेला गाडा. "ताई, हे ओझे घेऊन मला मागे सरता यायचे नाही," तो म्हणाला. "तुम्हीच मागे घ्या."

खारीने मागचा अंदाज घेऊन पाहिला. मागचे दाखवणारा कॅमेरा चिखलाने आंधळा झाला होता. आरशात नुसते गोटे दिसत होते, आणि याच गोट्यांत टिटव्या उघड्यावर अंडी घालतात, हे तिला पक्के ठाऊक होते. गोटा कुठला नि अंडे कुठले, एवढ्या उंचावरून काय कळणार?

"घेताय ना?" गवा म्हणाला. "हत्तीएवढी गाडी घेतलीत, तेवढे काळीजही घ्यायचे होते."

फांदीवरचे वानर खिदळले. लाजेने खारीचे कान तापले. घ्यावी का अशीच, अंदाजाने? तिने गिअर टाकलाही. पण पाय काही ब्रेकवरून उचलवेना. हसले तर हसोत, असे म्हणत तिने काच खाली केली आणि मान बाहेर काढून हाक मारली, "मागे कुणी आहे का?"

गवा फुरफुरला.

"अहो, कुणी बघता का जरा? मला मागचे काहीच दिसत नाहीये."

तेव्हा मागून, अगदी जमिनीलगत, टिटवीचा खणखणीत आवाज आला, "आहे ना मी. अंडी तुमच्या उजव्या चाकामागे आहेत. स्टिअरिंग डावीकडे कापा, ताई. आणखी थोडे. हं, आता येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या..."

तात्पर्य : उंच बसल्याने सगळेच दिसते असे नाही, जे आपल्याला दिसत नाही, ते दुसऱ्याला विचारण्यात कमीपणा नसतो.