हातोडा आणि हट्टी ड्रम

अवजारं बोलायची आणि माणसांना ते ऐकूही यायचं, तेव्हाची गोष्ट. खानविलकर मास्तर अंगणात आपल्या जुन्या गाडीचे मागचे ब्रेक बदलायला बसले. पुढच्या चाकांना विटा लावून त्यांनी मागचं चाक काढलं, पण त्यामागचा ब्रेकचा ड्रम काही केल्या निघेना.

"सरका, हे माझं काम!" म्हणत हातोडा पुढे आला. ठाण! ठाण! शेजारचं कुत्रं भुंकून भुंकून दमलं, पण ड्रम जागचा हलला नाही.

"गंज चढलाय मेल्याला!" हातोडा फणफणला आणि दुप्पट जोराने बडवू लागला.

शेवटी मास्तरांचा हात भरून आला. हातोडा खाली ठेवून ते चहा प्यायला पायरीवर टेकले. अंगण शांत झालं, तसा ड्रमचा बारीक आवाज आला, "मास्तर, हँडब्रेक ओढलेलाच आहे. त्याने मला आतून घट्ट धरलंय. मी सुटू कसा?"

मास्तरांनी जीभ चावली. हँडब्रेक खाली केला, आणि ड्रम अलगद त्यांच्या हातात आला.

"मग आधीच बोलायला काय झालं होतं?" हातोडा खेकसला.

"पहिल्या घावापासून बोलतोय," ड्रम हसून म्हणाला. "तू थांबलास तेव्हा ऐकू आलं."